हातचा आणि कावीळ

मी गाडी शिकवते. शिकाऊ गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो आणि तो दाबायला माझा पाय सदा टपलेला. घरीसुद्धा. धाकटी म्हणाली, "आई, मी गणितात एम.एस्सी.ला अर्ज करतेय," तेव्हा टेबलाखाली माझा पाय खाडकन फरशीवर आपटला.

"गणितात? दुसऱ्या वर्षाला ज्यात आपटलीस, त्यातच?"

"त्यातच."

दोन विषय गेले होते. पुढच्या वर्षी काढले, पण सरासरी जी खाली बसली ती काही उठली नाही. शिवाय आता विमा कंपनीत बरी नोकरी होती. मी म्हटलं, "अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

"आई, गणितात हातचा सोडत नाहीत. पुढच्या घरात नेऊन मिळवतात."

घ्या! लहानपणी बेरजेत हातचा विसरायची म्हणून मी धपाटे घातलेत हिला, आणि आता मलाच शिकवते.

नकार येत गेले. प्रत्येक नकाराला हिचे बाबा चहा टाकायचे. चहाने काय होतंय? पण टाकायचे. शेवटी एका विभागाने कॉम्प्युटरवर मुलाखत ठेवली.

मी तिला बजावलं, "गुण का कमी विचारलं तर कावीळ झाली होती म्हणून सांग." नातेवाइकांना मी तेच सांगितलं होतं. ही कावीळ मी इतकी पसरवली होती की समोरच्या वहिनी अजूनही हिला तळलेलं देत नाहीत.

मुलाखतीच्या वेळी मी धुतलेले कपडे खांद्यावर टाकून दाराबाहेर उभी राहिले. प्राध्यापकांनी सरळच विचारलं, "दुसऱ्या वर्षी काय झालं होतं?"

कावीळ म्हण बाई, कावीळ!

"काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "तोवर मी पाठ करून पास होत होते. सिद्धता लिहायची वेळ आली तेव्हा कळलं, आपल्याला काहीच कळत नाही. विचारायची लाज वाटली. नापास झाल्यावर ती लाजच संपली. मग विचारत सुटले."

मी फरशीवर पाय इतका दाबला होता की गाडी असती तर जागेवर थांबली असती. तिची काही थांबली नाही.

मग त्यांनी एक प्रश्न घातला. सुरुवात झोकात झाली आणि मध्येच आवाज बंद. ही शांतता मला ओळखीची. चढावर गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजतात आणि शिकणारा किल्ली माझ्या हातात देऊन मोकळा होतो.

"इथे अडले," ती म्हणाली. "हा रस्ता चुकलाय. मागे जाते, दुसरीकडून बघते."

आणि गेली की मागे! मोठ्याने बोलत, न घाबरता. उत्तर बरोबर आलं का, देव जाणे. प्राध्यापक नुसते "हं" म्हणाले. आता "हं"चा काय अर्थ लावायचा माणसाने?

प्रवेश मिळाला. अट एकच, पहिल्या सत्रात एक विषय पदवीच्या मुलांबरोबर पुन्हा करायचा.

मी भडकले. "माझी मुलगी पोरांच्या बाकावर बसणार?"

"बसणार. हातचा आहे तो, मिळवून घेते."

हिच्या बाबांनी चहा टाकला. मला रडूच फुटलं. इतका अभिमान मला तिच्या शाळेतल्या पहिल्या नंबरांचाही कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या, हातात झाकलेली वाटी. "साधं उकडलेलंच आणलंय हो. कावीळ झालेल्या मुलीला जपायला हवं."

"कावीळबिवीळ काही नव्हती, वहिनी," मी म्हटलं, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. "माझी मुलगी गणितात नापास झाली होती. आता गणितच शिकायला चाललीय. जा, काहीतरी तळून आणा."