कवडीला हात लावू नका

चंद्रभानने आठ दिवस कुत्रीला हात लावला नव्हता, आणि हे आठ दिवस त्याला फार जड गेले होते. कुत्री घरचीच. नाव कवडी, जात कारवानी, अंग पांढरट, पाय लांबसडक आणि पोट इतकं आत गेलेलं, की सालवडच्या चाळीत नवीन आलेलं माणूस हमखास विचारायचं, "हिला खायला घालत नाही का हो?" इंदुबाई, म्हणजे चंद्रभानची बायको, पहिल्या वर्षी नीट सांगायची, की ही जातच अशी सडपातळ असते. दुसऱ्या वर्षापासून म्हणू लागली, "घालतो की. तुमच्याकडून डबा येतो ना रोज, त्यातलंच घालतो."

कवडी मूळची उदगीरकडची. चंद्रभान सुट्टीत गावी गेला तेव्हा थोरल्या भावाने पिल्लू पिशवीत घालून हातात दिलं होतं. तिकडे माळावर असलं कुत्रं पळायला लागलं की माणसं औत थांबवून बघतात. इथे तिला सगळे 'ती मरतुकडी' म्हणत. चंद्रभानची मुलगी उत्कर्षा नववीत होती, आणि हे ऐकून ऐकून ती पेटली होती. पालघरला जातिवंत देशी कुत्र्यांचं प्रदर्शन भरणार असं कळल्याबरोबर तिने कोणालाही न विचारता फॉर्म भरला. पहिला नंबर आणायचा आणि चाळीची तोंडं बंद करायची, एवढंच तिच्या मनात होतं. दोन महिने ती रोज शाळेआधी कवडीला दोरीवर चालवत होती.

अडचण होती ती चंद्रभानच्या हातांची.

तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात तो पिवळ्या खात्यात होता. हातमोजे मिळतात, नाही असं नाही. पण भुकटी ती भुकटी. बाहीतून शिरते, कातडीत मुरते, साबणाला दाद देत नाही आणि घाम आला की पुन्हा वर येते. सालवडात तळवे बघून माणसाचं खातं सांगता येतं. घरात त्याचा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा. ज्वारीची भाकरी मोडली की कडेला पिवळी बोटं उठायची, म्हणून तो तेवढा तुकडा आधी खाऊन टाकायचा. आणि कवडीच्या मानेवर तर कायमचा पिवळा पट्टा होता, कारण ड्यूटीवरून आला की पायरीवर बसून पाव तास तो तिची मान खाजवत असे. दिवसभरात तेवढंच एक काम त्याला कोणी सांगितलेलं नसायचं.

प्रदर्शनाच्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं, अंगावर कसलाही रंग आढळला तर कुत्रा बाद. उत्कर्षाने रिठ्याच्या पाण्याने चार वेळा आंघोळ घालून तो पट्टा काढला आणि बापाला म्हणाली, "पप्पा, प्रदर्शन होईस्तोवर कवडीला हात लावू नका."

"बरं," चंद्रभान म्हणाला.

मागच्या वर्षीही तो असंच 'बरं' म्हणाला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "पालकसभेला मम्मीलाच येऊ द्या." कारण तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पोरीचा त्याला राग आला नव्हता. वाईट मात्र वाटलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यावर हात ठेवतानाही तो कचरायचा. आता निदान आपल्या हातांमुळे तिचा नंबर जाऊ नये, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आठ दिवस तो हात पाठीमागे बांधून पायरीवर बसला. कवडी त्याच्याभोवती फिरायची, कोपराखाली नाक घालायची, आणि शेवटी दाराशी जाऊन तोंड फिरवून पडायची.

रविवारी पालघरच्या मैदानावर मांडव होता, खुर्च्या होत्या आणि माणसापेक्षा मोठा भोंगा होता. भोंग्यावर आयोजकांपैकी मितेश नावाचा तरुण होता, त्याला मधे श्वास घ्यायची सवय नसावी. परीक्षक म्हणून डॉक्टर विजया आल्या होत्या, जनावरांच्या डॉक्टर. त्यांच्या खांद्यावर पांढरा पंचा होता. प्रत्येक कुत्र्याला आधी चालवून बघायचं, मग दात, पाय बघायचे आणि शेवटी ओला पंचा अंगावरून फिरवायचा, अशी त्यांची रीत.

कवडीच्या आधी मुरबे गावच्या कमलाकांतचा कुत्रा होता. वाडीवरचा, उमदा, पण वयस्क. पंचा तोंडावरून फिरला आणि काळा होऊन निघाला. पांढरे झालेले केस कमलाकांतने काळे केले होते. त्याच्या स्वतःच्या मिशाही त्याच वाटीतून रंगलेल्या दिसत होत्या.

"जरासा तरना दिसावा म्हनून लावला, बाय," कमलाकांत म्हणाला. "कुत्रा तं खरा हाय ना?"

"कुत्रा खरा आहे. वय खोटं आहे," विजया म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं. मितेशने भोंग्यावरून वाचलं, "क्रमांक दहा, कृत्रिम रंग, बाद." मैदानभर हसू उठलं. कमलाकांत खाली मान घालून दोरखंडापलीकडे जाऊन उभा राहिला, आणि चंद्रभानला उगीचच त्याची दया आली.

मग अकरा नंबर पुकारला. उत्कर्षा कवडीला घेऊन आत गेली. चार पावलं झाली आणि भोंगा पुन्हा कडाडला. कवडी बसली. शेपूट पोटाखाली, कान मागे, सगळं अंग थरथरत होतं. उत्कर्षाने दोरी हलवली, चुचकारलं, खाली वाकून कानात काही सांगितलं. कवडी जागची हलेना.

"एक मिनिट देते," विजया म्हणाल्या.

चंद्रभान दोरखंडाला टेकून उभा होता, दोन्ही हात पॅंटच्या खिशात.

"अहो, खिशात काय अंडी उबवायलाव का?" इंदुबाई पुटपुटली. "जावा की."

"रंग लागंल, इंदू. पोरीनं नको म्हटलंय."

तेवढ्यात उत्कर्षाने मान वर केली. तिचे डोळे भरले होते. तिने कवडीकडे बघितलं, विजयाबाईंच्या खांद्यावरच्या पंच्याकडे बघितलं आणि मग बापाकडे.

"पप्पा, या ना."

तो दोरखंडाखालून आत गेला. "हात लावू?"

"लावा. लई भ्यालीय ती."

"पंच्याला रंग येईल, बाळा. नंबर जाईल."

"जाऊ द्या. ती थरथरायलीय, दिसत नाही का तुम्हाला?"

चंद्रभान गुडघ्यावर बसला आणि आठ दिवसांनी त्याने दोन्ही हात कवडीच्या मानेवर ठेवले. तळवे घामेजले होते. कवडीने नाक त्याच्या काखेत खुपसलं आणि एक लांब श्वास सोडला. थरथर हळूहळू थांबली. मग ती उठली, अंग झाडलं आणि उत्कर्षाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

आणि काय चालली! मान ताठ, पाऊल हलकं, दोरी सैल. दुसऱ्या फेरीला उत्कर्षा धावली तशी कवडीही धावली, आणि मितेशसुद्धा बोलायचा थांबला. उदगीरला माणसं औत का थांबवतात, ते त्या दिवशी पालघरला कळलं. विजयाबाईंचा चेहरा खुलला होता. दात बघितले, पाय बघितले, छातीवरून हात फिरवला, समाधानाने मान हलवली. मग पंचा ओला करून मानेवरून फिरवला.

पंचा पिवळा झाला.

मैदानभर कुजबुज सुरू झाली. चंद्रभान पुढे झाला. सगळा दोष आपल्यावर घ्यायचा, पोरीला लबाड म्हणू द्यायचं नाही, हे त्याचं ठरलं होतं. पण त्याने तोंड उघडायच्या आत उत्कर्षाने त्याचा उजवा हात धरला आणि उघडा करून सगळ्यांसमोर वर केला.

"मॅडम, हा माझ्या पप्पांच्या हाताचा रंग आहे. ते रंगाच्या कारखान्यात कामाला आहेत. हा लावलेला नाही, लागलाय."

विजयाबाईंनी पंच्याचं कोरडं टोक भिजवून त्याच्या तळव्यावर दाबलं. तोच पिवळा उतरला.

"मॅडम, मग काय प्रश्नच नाही," मितेश म्हणाला. "चालू द्या. नंबर हिचाच आहे, सगळ्यांनी बघितलंय."

दोरखंडापलीकडून कमलाकांत हळूच म्हणाला, "पोरगी खोटा नाय बोलत, ता आमाला पन दिसतंय. पन मना ज्या पंच्यानं बाद केला, तोच पंचा हाय ना बाय हा?"

चंद्रभानला वाटलं, माणूस बरोबर बोलतोय. आज हाताचा रंग चालला तर उद्या प्रत्येकाच्या हाताला रंग असेल, आणि कुणाचा कामाचा नि कुणाचा वाटीतला हे शोधत विजयाबाई कुठवर बसणार? पण पोरीने दोन महिने घातले होते. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"बाद करा, मॅडम," उत्कर्षा म्हणाली. "पण कृत्रिम रंग असं नका लिहू."

"मग काय लिहू?"

"जे आहे ते लिहा."

विजयाबाईंनी कागदावर सावकाश लिहिलं आणि कागद स्वतः मितेशच्या हातात दिला. मितेशने पहिल्यांदाच एखादी ओळ आधी मनात वाचली, घसा साफ केला आणि मग माइक तोंडाशी धरला.

"क्रमांक अकरा, कवडी, जात कारवानी, अस्सल. चाल उत्तम. अंगावर मालकाच्या कष्टाच्या हाताचा रंग. बाद."

कोणी हसलं नाही. इंदुबाईने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच धूळ उडत असल्याची तक्रार केली. चंद्रभानच्या लक्षात आलं की आपला हात अजून पोरीच्या हातात आहे, घामाने ओला आणि पिवळा. त्याने सवयीने तो सोडवून घ्यायला बघितलं.

"बाळा, तुला लागंल."

"लागू द्या," उत्कर्षा म्हणाली. तिने हात सोडला नाही. उलट घट्ट धरला, आणि कवडीला घेऊन ती बापाबरोबर त्या सगळ्या लोकांमधून चालत बाहेर आली.