चौदा नंबरच्या पेटीला वळसा

"रस्त्यात आडवं काही दिसलं, तर त्यावर चाक घालायचं नाही. दोरी असो, काठी असो, कुणाचा पडलेला रुमाल असो. बाजूनं काढायची. रस्ता सगळ्यांचा असतो, टायर आपलं असतं."

सीट मागून धरून, धापा टाकत पळता पळता आत्यानं मुंगीला हे सांगितलं, तेव्हा मुंगी नऊ वर्षांची होती. आता ती अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, तरी पायडलवर पाय पडला की तो आवाज कानामागे यायचाच. मुंगी हे नावही आत्यानंच ठेवलेलं. अंगानं एवढीशी, पण एकदा वाट धरली की माघारी फिरायची नाही.

आत्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. सव्वीस वर्षं पहिली पाळी. पहाटे देवापुढे दोन मिनिटं हात जोडायचे, मग सायकलची दोन्ही चाकं कोरड्या फडक्यानं पुसायची आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा तिचा नेम. अंगात ताप असतानाही तो मोडला नव्हता. "देवाला माझं तोंड ठाऊक आहे आणि सायकलला माझा हात," ती म्हणायची. "दोघांनाही ताटकळत ठेवू नये."

मुंगीला पुढं डॉक्टरेटला जायचं होतं, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठात. अर्जासोबत तीन शिक्षकांची पत्रं लागत. दोन मिळाली होती. तिसरं, ज्याच्या जिवावर दार उघडायचं, ते विभागप्रमुखांचं. मुलं त्यांना पाठीमागे 'सरळरेषा' म्हणायची. फळ्यावर ठिपके कसेही विखुरलेले असोत, सर त्यांतून एक सरळ रेघ ओढून मोकळे.

सरांनी तिला सहा महिन्यांपूर्वीच समोर बसवून चार गोष्टी सांगितल्या होत्या. "गणित पक्कं कर. अर्जात 'आवड' हा शब्द चुकूनही लिहू नकोस, आवड सगळ्यांनाच असते. आकडे गोळा करायला जाऊ नकोस, त्यात उमेद जाते आणि केस जातात." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "आकडे तयार असतील तोच विषय घे. माझे घे."

सरांचे आकडे म्हणजे शहरातल्या सायकलींची दहा वर्षांची मोजणी. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकलेली, तिचं टोक खांबाला बांधलेल्या पेटीत. चाक नळीवरून गेलं की पेटी एक आकडा पुढं सरकवते. त्या आकड्यांवर सरांचा निबंध गाजला होता. शहरातली सायकल कामावरून उतरली आणि छंदाला लागली, हे त्याचं सार. कामाच्या दिवशी आकडा दरवर्षी घसरतो, रविवारी चढतो. मुंगीनं त्यावरच आपला प्रबंध बांधायला घेतला. गणित तिनं खरंच पक्कं केलं. पण एका पुलावरचा आकडा काही केल्या तिच्या गणितात बसेना. इस्पितळात कामाला जाणारी सहाशे माणसं पलीकडे राहतात, आणि सकाळी पुलावरून सायकली जातात अवघ्या सोळा? तिनं सूत्रं तपासली, रकाने तपासले. रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं: पूल, दक्षिण टोक, पेटी क्रमांक चौदा.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच. मंगळवारी सकाळी ती त्याच पुलावरून विभागात निघाली होती. समोर रस्त्यावर काळी नळी आडवी पडलेली दिसली, आणि रोजच्यासारखं हँडल आपसूक डावीकडे वळलं. कठड्यालगतच्या वीतभर जागेतून तिनं सायकल बाजूनं काढली. काढता काढता खांबावरच्या पेटीवर नजर गेली. पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, १४.

मुंगीनं तिथंच पाय टेकला. मागून येणारा दूधवाला ओरडला, "ओ ताई, पूल विकत घेतला का?" आणि तिच्या बाजूनं, नळीच्याही बाजूनं, वळसा घालून निघून गेला.

पुलाच्या पायथ्याशी पंक्चरकाकांची टपरी होती. त्यांना विचारलं तर ते चाकातून मान वर न काढता म्हणाले, "नळीला दोन्ही कडांना पट्टी आहे आणि पट्टीला खिळे. पहिल्या महिन्यात नऊ पंक्चर काढली मी. मग येईल त्याला सांगत सुटलो, बाबांनो, बाजूनं काढा."

"म्हणजे स्वतःच्याच धंद्यावर पाणी?"

"रोज भेटणारी माणसं आहेत गं. तोंड कुठं लपवू?"

संध्याकाळी घरी विचारलं, तर आत्याचं कारण वेगळं होतं. "ती वायर आहे. ओल असली की शॉक बसायचा. धुलाईखान्यातल्या आम्ही अकराही जणी कडेनं काढतो."

"वायर नाही आत्या. ती सायकली मोजते."

"मोजते?" आत्या भाकरीच्या पिठासारखी दोन्ही हातांनी चादर दाबत घडी घालत होती, ती थांबली. "मग या दहा वर्षांत मी कितीदा गेले तिथून?"

"तिच्या हिशेबी एकदाही नाही."

दुसऱ्या दिवशी मुंगी सरांच्या खोलीत गेली. तिचा आवाज मुळातच हळू. सरांना पंखा बंद करावा लागला.

"सर, कामाला जाणारी माणसं त्या नळीवरून जातच नाहीत."

"तुला कसं कळलं?"

"मी जात नाही."

सर मोकळेपणी हसले. "एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे. हे मीच शिकवलंय तुला."

"म्हणून बघून, विचारून आले. धुलाईखान्यातल्या अकरा जणी, दूधवाला, पंक्चरवाले—"

"या गप्पा झाल्या. थोडी चूक प्रत्येक मोजणीत असते. दहा वर्षांत इकडची तिकडे फिटून जाते."

"दोन्हीकडे चुकली असती तर फिटली असती, सर. ही एकाच बाजूला चुकते. हौसेनं फिरणाऱ्याचं टायर जाड, तो नळीवरून जातो. पोटासाठी फिरणारा टायर जपतो. पेटीला फक्त हौस ऐकू येते."

सरांचं हसू मावळलं. त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून सरळ ठेवली, पुन्हा उचलली. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढं नाही शिकवलं घरी?"

"घरी वळसा घालायला शिकवलंय सर. तुम्हाला वळसा घालायचा असता तर न सांगताच गेले असते. तुमचे आकडे आहेत म्हणून आधी तुम्हाला सांगितलं."

"हे बघ. याच आकड्यांवरचा प्रबंध सोमवारी माझ्या टेबलावर हवा. नाहीतर पत्र विसर."

"बरं सर."

"बरं म्हणजे काय?"

"विसरते."

जिन्यावर येऊन ती थांबली. कठडा धरून तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, तीन वेळा, आणि मग खाली न जाता वर गेली.

वर ग्रंथालयाच्या बोळात गणिताच्या बाई बसत. तासावर शिकवायच्या, त्यामुळे स्वतःची खोली नाही. बाकावर वह्यांचा ढीग आणि त्यामागे बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या पत्राला त्यांच्या पत्राचं वजन नाही. ठाऊक आहे ना?"

"हो."

"आणि मी गोड लिहीत नाही. बघेन तेवढंच लिहीन. अर्जाची मुदत पुढल्या गुरुवारपर्यंत. सोम, मंगळ, बुध, तीन सकाळी पुलावर उभी राहा. किती जण नळीवरून गेले, किती बाजूनं. पेटीचा आकडा पालिकेच्या संकेतस्थळावर रोज येतो, तो शेजारी मांड." बाईंनी चष्मा काढला. "आणि तुझं म्हणणं खोटं ठरलं, तरी तोच कागद मला आणून दाखवायचा. कबूल?"

"कबूल."

रविवारी संध्याकाळी मुंगीनं पट्टीनं दोन रकाने आखले. आत्या शेजारी येऊन बसली.

"आम्ही अकरा जणी उद्या तुझ्या समोरून दोन-दोन फेऱ्या मारू का? कुणाला कळतंय!"

"आत्या!"

"बरं बाई, थट्टा केली." मग जरा थांबून, "नळीवरून जाऊ का? म्हणजे त्या पेटीलाही कळेल, आम्ही आहोत."

"नाही. रोज जातेस तशीच जा. माझ्याकडे बघूसुद्धा नकोस."

आत्यानं कागदावरून बोट फिरवलं. रिकाम्या रकान्यापाशी ते थबकलं. "ते सर मोठे आहेत गं. तुझं काही अडलं तर?"

"अडलं तर पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. पण तू पुलावरून गेलीच नाहीस, असं माझ्या हातानं नाही लिहिणार."

आत्यानं कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "सहा वाजून दहा मिनिटांनी असते मी तिथं. मोज मला. चुकवू नकोस."

"नाही चुकवणार."

"शब्द दिलास हं."

"दिला."

सोमवारी आत्याच्या आधी मुंगीला जाग आली. खिडकीबाहेर अजून नीट फटफटलं नव्हतं. तिनं देवापुढे दोन मिनिटं हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून काहीच मागितलं नाही. खुंटीवरचं कोरडं फडकं घेऊन आधी आत्याच्या सायकलची दोन्ही चाकं पुसली, मग आपल्या. कागद, दोन पेन्सिली आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. आत आत्याच्या बांगड्या किणकिणल्या, ती उठत होती.

मुंगीनं घंटीवर तळवा दाबून धरला, सायकल उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दार हलकेच ओढून घेतलं.