लाल पट्टीची पीन

कागद टाइप केलेला होता. फक्त सही बाकी होती. रोशनने तो केशोरी गावातल्या घराच्या अंगणात खाटेवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर विळा ठेवला. २००४चा डिसेंबर.

रोशन हवाई दलाच्या एका तळावर लढाऊ विमानांना क्षेपणास्त्रं चढवायचा. जवळच्या माराची, समोरच्या विमानाच्या इंजिनाची उष्णता धरून मागे धावणारी. टोकाला काच, तोच त्यांचा डोळा. प्रत्येकात सुरक्षेची एक पीन, पिनेला लाल पट्टी. उड्डाणाआधी पिना काढायच्या, विमानासमोर उभं राहून हात वर करून दाखवायच्या. वैमानिकाने मोजायच्या, मग ठीक म्हणून अंगठा वर करायचा. दोन क्षेपणास्त्रं, दोन पिना.

त्या दिवशी वारा होता. पट्टी फडफडून पुसलेल्या काचेला लागत होती म्हणून रोशनने ती क्षेपणास्त्राच्या पंखामागे खोचली. सकाळपासूनचं ते चौथं विमान. खोचलेली पट्टी दिसली नाही, पीन आतच राहिली. त्याने एकच दाखवली. विमानातल्या साहेबाने तरी अंगठा वर केला. वर गेल्यावर त्याने सरावाच्या निशाण्यावर बटण दाबलं, तर क्षेपणास्त्र जागचं हललं नाही. मेलं कुणी नाही.

कागदात लिहिलं होतं, ‘मी दोन पिना दाखवल्या, त्यांतली एक दुसऱ्या विमानाची होती.’ साहेब म्हणाला होता, सही कर, बदलीवर भागवतो; नाही तर चौकशी, आणि चौकशीत नोकरी जाते. विचार करायला आठ दिवसांची रजाही त्यानेच दिली. साहेब चुकला की घाई झाली, रोशन चुकला की लबाडी केली. असला तो कागद.

"करून टाक ना बाबू सही," माय धुरपता म्हणाली. "बदलीच होऊन राहिली ना? फाशी तं नाही."

"माय, लबाड म्हणून लिहिलं आहे त्यात."

"आपल्याले लोकं लबाड काय आजच म्हणून राहिले?"

बाप शालिकराम धानाच्या भाऱ्यांसाठी दोर वळत होता. "साहेब किती दूर होता?"

"तो गोठा आहे ना, तेवढा."

म्हातारा उठून गोठ्यापाशी जाऊन उभा राहिला. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन बिघडलेलं. "दाखव."

"तुले दिसते काय, बा?"

"माह्या डोळ्याची कायले फिकर करतं? साहेबाले दाखवलं तेच दाखव."

रोशनने एक काडी उचलून हात वर केला.

"एक," बाप म्हणाला. रोशनने दुसरी उचलली. "आता दोन. तुह्या साहेबाचे डोळे तं सरकार तपासून घेते ना?"

माय हसली नाही. "नोकरी गेली तं काय करशील?"

"तुमच्यासंगं धान कापीन."

तिने कागदावरचा विळा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुही चूक होती ना?"

"होती."

"मंग ते पहिले लिहिजो. नाही तं म्हणतील, साहेबावर ढकलून राहिला."

रोशनने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं. खाली सही केली. मायला वाचता येत नव्हतं, तिने वाचून दाखवायला सांगितलं.

"पीन काढायची मी विसरलो. मी एकच दाखवली." आणि मग आवाज खाली गेला, "साहेबांनी मोजल्या नाहीत."

"हे काऊन हळू वाचतं?" माय म्हणाली. "पुन्हा वाच."