न झालेली कुस्ती

मधूने दोन सुपाऱ्या ओट्यावर समोरासमोर उभ्या केल्या आणि त्यांतली मोठी बोटाने पुढे सरकवली.

"हा आमचा परशुराम. हा बघ, खाली वाकला. आता तुझ्या धाकूचा पट काढतो."

"काढू दे की," उत्तम म्हणाला. त्याने लहान सुपारी मोठीच्या अंगावर घातली आणि मोठी आडवी पाडली. "धाकूनं वरून ढाक मारली. संपली कुस्ती."

"अशी कशी संपली? परशुराम काय झोपलाय?"

कल्याणच्या तालमीच्या ओट्यावर ही कुस्ती रोज दिवेलागणीला होत असे. मधूचं तेलाचं दुकान शेजारीच होतं आणि गिऱ्हाईक आलं तरी तो कुस्ती अर्धी टाकून उठत नसे. उत्तम मूळचा ठाण्याचा, चेंदणीचा. सासऱ्याच्या भाताच्या वखारीवर घरजावई म्हणून आला, पण पैलवान त्याने माहेरचाच धरून ठेवला होता.

खरी गोष्ट अशी, की परशुराम आणि धाकू यांनी एकमेकांशी कधी हात मिळवलाच नाही. दोघांनी आपापल्या उमेदीत घाटाखालच्या सगळ्या जत्रा मारल्या, दोघांची पाठ कोणी मातीला लावली नाही, आणि बघता बघता दोघेही म्हातारे झाले. झालेली कुस्ती लोक वर्षभरात विसरतात. न झालेली मात्र जन्मभर पुरते.

स्वतः परशुराम तिथेच आत असायचा. तालमीच्या हौद्यातली लाल माती उकरायची, तिच्यात ताक आणि तेल घालून ती मळायची, हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. बाहेरचं सगळं त्याला ऐकू येई. पण देवळात गप्पा मारताना देवाला कोणी मत विचारत नाही, तसं त्यालाही कोणी विचारत नसे.

"मग घाबरलं कोण, ते सांग," उत्तम म्हणाला.

"घाबरायचा काय संबंध? मी होतो ना बंदरावर. मिठाचा मचवा आला होता, ओहोटी लागली म्हणून तांडेल काठाला लागलासुद्धा नाही. लांबूनच ओरडला, 'परशुराम पैलवानाला धाकूचा निरोप, उद्या मातीला ये.' सगळी तालीम तिथंच पोहत होती. जत्रांचे दिवस. काय आरोळी उठली म्हणून सांगू."

"आणि गेला का तुमचा पैलवान?"

मधूने पडलेली सुपारी पुन्हा उभी केली.

तो का गेला नाही, हे फक्त परशुरामाला ठाऊक होतं. तरुणपणी ठाण्याच्या बाजूला कुस्त्यांना गेला, की तो धाकूच्या घरी उतरायचा. धाकूची आई रखमाबाई मिठागरावर राबणारी बाई. परशुरामाला आई आठवतसुद्धा नव्हती. रखमाबाई दोघांना एका पंगतीला बसवी, दोघांच्या ताटात तांदळाच्या भाकरी टाकत राही. एकदा लोक या दोघांना भिडवायचं बोलू लागले, तेव्हा ती म्हणाली होती, "मी हाय तवर तुमी एकमेकांची पाठ मातीला लावायची नाय. दोघांतला एक पडणार, आन् मला दोघं उभं पायजेत. मी मेल्यावर काय ते करा." दोघांनी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला.

म्हणून तो निरोप ऐकून परशुरामाचं डोकं फिरलं. आई घरात बसलेली असताना हा मातीला बोलावतो? तो कमरेएवढ्या पाण्यातूनच ओरडला होता, "त्याला म्हणावं, लाज नाही वाटत?" पुढे पावसाळ्यात कोणीतरी सहज बोललं, की रखमाबाई गेली. धाकूने आपल्याला कळवलंही नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं. त्यानंतर तो ठाण्याच्या वाटेला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तम उशिरा आला. मधूने सुपाऱ्या मांडून ठेवल्या होत्या, पण तो बसला नाही.

"धाकू गेला," तो म्हणाला. "आगगाडीनं आलेला माणूस सांगत होता. सकाळी नेणार आहेत. मी निघतोय मातीला."

आत परशुरामाचे हात थांबले.

"कशाला निघालास म्हणालास?"

"मातीला, दादा. येता का?"

परशुरामाने मुठीतल्या मातीकडे पाहिलं. तालमीत जन्म गेला होता. माती म्हणजे हौद्यातली, दुसरी माती तिथे कोणाच्या डोक्यात येत नसे. तो 'मातीला' एवढंच पुटपुटला, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि हौद्याच्या काठावर खाली बसला.

"येतो," तो म्हणाला.

ठाण्याला खाडीकाठी सगळं उरकल्यावर उत्तम आपल्या भावाकडे गेला. परशुराम एकटाच धाकूच्या घरी आला. धाकूची बायको सखुबाई दाराशी बसली होती. तिने त्याला ओळखलं, बहुधा पैलवानाच्या मोडलेल्या कानांवरून.

"ह्यांच्या मातीला आलात," ती म्हणाली. "आयेच्या मातीला नाय आलात."

परशुराम वहाणा हातात धरून उभा राहिला.

"आयेनं सांगून ठेवलं व्हतं. एक खांदा धाकूचा, एक परशाचा. ऊन उतरलं तरी ह्यांनी तिला उचलू दिली नाय. तुमची वाट बघत व्हते. मग मचवा आला आन् तांडेलानं तुमचा निरोप सांगितला." तिने पदर तोंडाला लावला. "लाज काढलीत तुमी त्यांची. आये दारात असताना."

"आणि कुस्ती?" परशुरामाने विचारलं. "आई गेल्यावर तो मोकळा होता."

"लोक लय सांगायचे, लढ म्हणून. हे म्हणायचे, जो मातीला आला नाय, त्याच्याबरोबर कसली माती?"

"वहिनी, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

सांगायला चार शब्दसुद्धा लागले नसते. पण ज्याला सांगायचे, त्याची सकाळीच राख झाली होती. आणि नवऱ्याने जन्मभर सांभाळलेला राग फुकटचा होता, हे या बाईला आज कोणत्या तोंडाने सांगायचं?

"काही नाही," तो म्हणाला. मग त्याला रडू आलं, आणि तो उभ्याउभ्या रडला. सखुबाईने आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्या पायाशी ठेवला.

काही दिवस ओटा रिकामाच राहिला. मग एका संध्याकाळी मधूने जरा चोरट्यासारख्या सुपाऱ्या मांडल्या. उत्तमही येऊन टेकला. डाव कोणी सुरू करायचा, ते दोघांनाही कळेना.

परशुराम हात झटकत बाहेर आला आणि त्यांच्यात बसला. असा तो कधी बसला नव्हता.

"धाकू जिंकला," तो म्हणाला.

"ते कसं?" मधू म्हणाला. "कुस्ती झालीच नाही, दादा."

"त्यानं मातीला बोलावलं. मी गेलो नाही."

उत्तमचा हात मांडीवर थाप मारायला वर गेला, पण त्याने तो तसाच खाली घेतला. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं, तरी त्याला बरं वाटेना.

"म्हणजे घाबरला होतात?" मधूने हळूच विचारलं.

"तसं म्हण," परशुराम म्हणाला. त्याने मोठी सुपारी आडवी केली आणि तो माती मळायला आत गेला.