शिवेवरचा मांडव

मी आयुष्यात शेकड्यांनी लग्नं लावली, पण एक पाय सरकारी मुलखात आणि एक संस्थानात ठेवून मंगलाष्टकं म्हटली ती एकदाच. तीही आधी बरीच कुरकुर करून.

कुरवंड्याच्या बयाबाईची मुलगी मुक्ता तुंगार्लीला एल्झाबाईंच्या दवाखान्यात कामाला होती. एल्झाबाई व्हिएन्नाच्या डॉक्टरीण. ज्यू म्हणून जीव मुठीत धरून तिकडून पळून आलेल्या. लढाई पेटली आणि आमच्या मायबाप सरकारनं त्यांनाच शत्रुदेशाच्या ठरवलं! मावळ तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना काढा म्हणे. या अकलेपुढे काय बोलायचं?

मुक्ता विषमज्वरानं हातची जात होती, तेव्हा याच बाईंनी उशाशी बसून तिला वाचवलं होतं. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मुक्ताला मामा नव्हता. तिनं आईला सांगून टाकलं, "माज्या पाठीशी बाई उभ्या र्‍हातील."

सोयरीक जुळली ती पवन मावळातल्या महिपतीच्या मुलाशी. त्याचं गाव संस्थानच्या हद्दीत, आणि त्या घराण्यात लग्न नवऱ्याच्या दारीच लागायचं. बाईंनी एका दिवसाचा परवाना मागितला. पोलीस म्हणाले, आधी संस्थानची संमती आणा. संस्थान म्हणालं, आधी सरकारचा परवाना दाखवा. लग्न तोंडावर आल्यावर सरळ नकारच आला.

"तू जा, मुक्ता. मी इथून आशीर्वाद देते," बाई म्हणाल्या. चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ त्यांनी पुन्हा घातला नाही.

मुक्ता हटून बसली आणि बयाबाईनं मला मध्ये घातलं. मी महिपतीकडे गेलो.

"महिपतीभाऊ, लग्न कुरवंड्यात करा की."

"न्हाई. लगीन माज्याच दारात."

"मग पोरगी बोहल्यावर चढायची नाही. मामाच्या जागी तिला ती बाईच हवी."

आता म्हातारा भडकणार आणि सोयरीक मोडणार, असं धरूनच मी उपरणं सावरलं. पण त्यानं उलट विचारलं,

"पोरीनं सोताच्या तोंडानं सांगितलं?"

"हो."

"मंजी उपकार इसरनारी न्हाई. आसली सून सोडू व्हय मी?" तो उठून उभाच राहिला. "भटजी, माजं खालचं शेत पार शिवेच्या धोंड्यापत्तुर जातं. पल्याड सरकारी हद्द. मांडव तितं घालतो. माजा मांडव पडंल तितं माजं दार!"

"अहो, पण शास्त्र..."

"तुमी मंगलाष्टकं म्हना. शास्तर मी बगतो."



लग्नाच्या दिवशी अंतरपाट बरोबर शिवेच्या धोंड्यावर धरला. त्या बाजूला संस्थानात नवरदेव, या बाजूला सरकारी मुलखात मुक्ता. तिच्या पाठीशी बयाबाईनं नेसवलेल्या हिरव्या लुगड्यात एल्झाबाई. लोणावळ्याहून पाठवलेला जमादार डोळ्यांत तेल घालून त्यांच्या पावलांवर नजर ठेवून होता. मी असा काही सूर लावला की सांगता सोय नाही. अंतरपाट दूर झाला आणि दोन्ही मुलखांतून अक्षता उडाल्या. त्यांना कोण परवाना विचारणार!

मुक्तानं माळ घातली, शीव ओलांडली आणि सासरची झाली. बाई धोंड्याशी थांबल्या. त्या एकट्याच अलीकडे उरल्यासारख्या दिसल्या.

एवढ्यात महिपती ताटात पागोटं घेऊन शीव ओलांडून आला. मामाचा मान! जमादार अर्धवट उठला, पण महिपतीला अडवायचा हुकूम त्याच्याकडे कुठे होता? मुकाट्यानं खाली बसला. महिपतीनं स्वतःच्या हातानं बाईंच्या डोक्याला पागोटं बांधलं. वाजंत्र्यांनी सनई टिपेला नेली.

बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मी... मी तर परकी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"सरकारला आसाल. सुनंच्या मामाला आमी परकं म्हनत न्हाई." मग तो मागे वळून गरजला, "आरं, पंगत हिकडं घ्या! मामांना तिकडं येता येत न्हाई, तर आपुन समदं हिकडं जेवू. पयलं पान मामांचं!"

अख्खं गाव पत्रावळी घेऊन शीव ओलांडून आलं.