फडक्यावर न ठेवलेली बाटली

“सालेहा आपा, हे नेलपॉलिश काढायचं पाणी पेटतं का गं?”

मी हे विचारूच शकणार नाही, अशी माझ्या मैत्रिणींनी, उज्मा आणि सादियाने, पैज लावली होती. आपा म्हणजे उज्माची मोठी बहीण, प्रश्न विचारला की नखं घासायची कानस उगारणारी. पण शाळेत वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाला घाबरते होय!

“यामिनी, नखं रंगवायला आलीस की माझी परीक्षा घ्यायला?” आपा म्हणाली. “पाण्यासारखं तर आहे. पेटतंय कशाला?”

दोघी खिदळल्या. पैज मी जिंकले होते.

निजामपुऱ्यात कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावर एक बिनखिडकीची खोली, तेच आपाचं पार्लर. तिच्या अब्बांनी, मुनीरचाचांनी, ती एका अटीवर दिलेली: काही भानगड झाली की खोलीला कुलूप आणि आपाचं लग्न. नखांवर रंग असला की नमाजाआधी हातपाय धुवायची वजू होत नाही, म्हणून तिच्याकडे रंग लावणाऱ्यांपेक्षा काढणाऱ्याच जास्त. त्यामुळे आपा रिमूव्हरचा कॅनच आणते आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून ठेवते.

खाली लूम चालले की वरती सगळं थरथरतं. तिथे साधा कपसुद्धा फडक्याच्या घडीवर ठेवतात, नाहीतर तो चालत चालत कडेला जातो.

तेवढ्यात लाइट गेली. लूम थांबले. भर दुपारी काळोख. आपा मोबाइल घेऊन खाली चौकशीला गेली.

“अरे यार, असरच्या नमाजाआधी माझा रंग काढायचाय,” सादिया कुरकुरली.

उज्माने मेणबत्ती लावली, कापूस भिजवला आणि बाटली तशीच उघडी टेबलावर ठेवली. खाली फडकं नाही. लूम बंदच होते ना!

मग लाइट आली. “आलीऽऽ!” आम्ही तिघी ओरडलो. मेणबत्ती विझवायचं कुणाला सुचलंच नाही. खाली खटॅक-खटॅक सुरू झालं आणि बाटली हलायला लागली. हळूहळू. मेणबत्तीकडे.

“उज्मा, बाट...”

बाटली आडवी झाली. फुप्प! टेबलभर निळी-पिवळी ज्वाळा धावली, थेट सादियाच्या हातातल्या कापसापर्यंत. तिने कापूस झटकला.

उज्माने फळीवरची दुसरी बाटली उचलली. “पानी! पानी डालती हूँ!”

फळीवर तशाच दोन बाटल्या होत्या. पाण्याची कुठली? “टाकू नकोस! उज्मा, आधी वास घे!”

तिने झाकण काढलं आणि पांढरीफटक पडली. तेही रिमूव्हरच होतं.

पाय भिजवायच्या टबात टॉवेल पडला होता. तो ओलाचिंब टॉवेल मी टेबलावर फेकला आणि मेणबत्तीही त्याखाली दाबली. आग गेली. सादियाची दोन बोटं आम्ही मोरीच्या नळाखाली धरून ठेवली. ती मुकाट रडत होती. बोटांवर फोड येत होते.

आपा वर आली आणि दारातच खाली बसली. म्हणाली, “अब्बांना सांगू नका. अल्लाची शपथ.”

रात्री ताट समोर होतं, पण माझी नजर गॅसच्या ज्योतीवरून हलत नव्हती. फळीवरच्या त्या बाटल्या अजून तिथेच असतील. उद्या पुन्हा बायका येतील. लाइट तर रोजच जाते.

“यामू, जेवत का नाहीस?” आईने विचारलं. “आणि तुझ्या अंगाला हा वास कसला येतोय?”

मी सगळं सांगितलं. बाबांनी ताट बाजूला सारलं.

“आता तिकडे पाऊल टाकायचं नाही,” ते म्हणाले.

“टाकणार, बाबा. उद्या शाळा सुटली की मी मुनीरचाचांकडे जाणार आणि आपाच्या समोरच सगळं सांगणार. मला भीती वाटतेय, म्हणून आई, तू माझ्याबरोबर ये. आणि पार्लरला कुलूप लावू नका, फक्त त्या बाटल्या हलवा, हेसुद्धा त्यांना मीच सांगणार.”