पायाला नको झालेली राख

ज्याचा उपयोग घ्यावा त्यालाच अपवित्र म्हणून झिडकारावे, हा अन्याय होय; आणि त्याचे फळ बहुधा निरपराधांच्या पदरी पडते. ते बालकांच्या पदरी पडलेले मी पाहिले आहे.

मित्रांनो, मी एक जुनी राख आहे. वीजकेंद्राच्या भट्टीत दगडी कोळसा जळला, तुमच्या घरी दिवे लागले, आणि उरलेली मी उघड्या माळावर फेकली गेले. वारा सुटला की मी शेजारच्या केळीवर बसे आणि शिव्या खाई. मला तेथे फेकले कोणी, हे मात्र कोणी विचारले नाही!

१९८८ साली पारोळ्याजवळच्या एका गावात अंगणवाडीची खोली बांधायची होती. जमीन कपाशीची, काळी. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. देवपूरहून आलेले अभियंता लीलाधर म्हणाले, "पायाच्या मातीत राख आणि चुना मिसळून जड धुम्मसाने ठोकून घट्ट करू. मग ती फुगणार नाही."

मला ट्रकमधून आणले गेले. तेवढ्यात सरपंच झुलाल आबा कडाडले, "मसणनी वस्तू पायामा? बठ्ठा गावले पाप लागी!"

राख म्हटली की त्यांना चिताच दिसे, आणि साऱ्या गावाला पाप लागेल अशी धास्ती. मला उकिरड्याशेजारी ओतले. खोली नुसत्या काळ्या मातीवर उभी राहिली. दुसऱ्याच उन्हाळ्यात जमीन आकसली, फरशी उखडली, भिंत मधोमध फाटली. बालके बाहेर कडुलिंबाखाली, उन्हाच्या झळांत बसू लागली. पाप कोणते? मला शिवणे, की लेकरांना छपराविना बसवणे?

खोली पुन्हा बांधायचे ठरले, तरी आबांचा नकार कायम. तेव्हा अंगणवाडीच्या सेविका प्रमिलाबाई भर सभेत उठल्या.

"आबा, आपन भांडा राखघाई घासतस. कीड लागू नही म्हनीसन बियासमा राख घालतस. मंग पोरेसना पायखाले काब नही?"

मागून वृद्ध यशोदाबाई हसल्या, "आबाना कपायले बी तीच शे, माय!"

सभा हसली. आबांचा हात कपाळाच्या भस्माकडे गेला. मग ते म्हणाले, "टाका मंग. पन पहिली पाटी मी टाकसू."

आज मी त्या खोलीखाली आहे. अनेक पावसाळे गेले. भिंतीला भेग नाही. परंतु माझी भावंडे अजूनही माळावर, नाल्याकाठी फेकली जातात, म्हणून माझा संताप शमलेला नाही. मित्रांनो, कोणतीही वस्तू टाकण्यापूर्वी तिच्या अंगचा गुण पाहा.

प्रमिलाबाईंची वाणी अशीच निर्भय राहो. आबांच्या थकलेल्या हातांना विसावा लाभो. आणि माझ्यावर मांडी घालून जेवणाऱ्या प्रत्येक लेकराचे कल्याण असो.